सहावारीएवढा बैल: ऑनलाइन सहलींचे आठ महिने

ठाण्यात जुलैमध्ये शाळेची सहल काढणं म्हणजे पाऊस, घोडबंदरची कोंडी आणि पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा सांभाळणं. मग शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणतंच, "अहो, आता सगळी संग्रहालयं ऑनलाइन फुकट आहेत की!" आहेत खरी. जून ते जानेवारी या आठ महिन्यांत चौथी ते सातवीच्या वर्गांवर, एक प्रोजेक्टर आणि चार जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप एवढ्या सामानात, या ऑनलाइन फेऱ्या, म्हणजे पडद्यावरूनच दालनात फिरून येणं, वापरून झाल्या. तिकीट फुकट असतं, तयारी नसते. वर्गात वीस मिनिटं चालणाऱ्या फेरीला घरी किमान दीड-दोन तास बसावं लागतं. तेवढं बसायची तयारी नसेल तर पुढचं वाचू नका, सरळ वर्गात गोष्ट सांगा. मुलं जास्त खूश होतील.

पहिली अडचण कुणी सांगत नाही ती मापाची. पडद्यावर हत्ती आणि हत्तीचा दात दोन्ही सारख्याच आकाराचे दिसतात. आदिमानवाने भिंतींवर प्राणी रंगवलेल्या फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण घ्या. १९४० साली चार पोरांना ही गुहा सापडली. पुढे लोक पाहायला इतके आले की त्यांच्या श्वासातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंतींवर शेवाळ धरायला लागलं, म्हणून १९६३ मध्ये ती बंद झाली. म्हणजे पैसे मोजूनही मूळ गुहेत जाता येत नाही. फ्रेंच सरकारच्या संकेतस्थळावर मात्र आत फिरून येता येतं. आभासी सहलीला याहून योग्य जागा सापडणं कठीण. तरी पहिल्यांदा दाखवली तेव्हा वर्ग गार. "छान आहे" म्हणाले आणि डबे उघडायला लागले.

गडबड मापात होती. तिथला सगळ्यात मोठा बैल ५.२ मीटर लांब आहे आणि पडद्यावर तो वहीच्या चित्राएवढा दिसत होता. पुढच्या तुकडीला फेरी सुरू करण्याआधी एक सहावारी साडी दिली आणि सहा जणांना ती वर्गाच्या भिंतीवर ताणून धरायला सांगितलं. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे बैल जवळजवळ काठापासून पदरापर्यंत. शिंगं कुठे येतील, शेपूट कुठे, हे खडूने साडीखालच्या फरशीवर मांडलं. मग दिवे घालवले. त्यानंतरचे प्रश्न वेगळेच होते: एवढ्या वर हात कसा पुरला, अंधारात दिसलं कसं, चुकलं तर पुसायचं कशाने? या फेरीतलं बोलणं फ्रेंच-इंग्रजीत आहे. आवाज बंद ठेवून मराठीत स्वतः सांगितलेलं उत्तम.

तेव्हापासून प्रत्येक फेरीला एक 'मापाची वस्तू' ठरलेली. ब्रिटिश म्युझियममधल्या रोझेटा शिळेसाठी (प्राचीन इजिप्तमधला कोरीव लेख) वर्तमानपत्रं चिकटवून ११२ बाय ७६ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा; मुलांना ती डोंगराएवढी वाटत असते, निघते जेवणाच्या छोट्या टेबलाएवढी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्ग-इतिहास संग्रहालयात राइट व्हेल जातीच्या देवमाशाची पूर्ण आकाराची प्रतिकृती टांगलेली आहे, ४५ फूट, म्हणजे पावणेचौदा मीटर. ती व्हरांड्यात सुतळीने मोजावी. बहुतेक शाळांत सुतळी दुसऱ्या वर्गाच्या दारापुढे जाते आणि तिथल्या बाई बाहेर येऊन बघतात, हा फायदा वेगळा.

आता यंत्राचं. लॅपटॉपवर फेरी उघडल्यावर नुसता काळा चौकोन दिसत असेल तर नेटला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ब्राउझरमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम'खाली ते सुरू करायचं आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा. बाकीचे टॅब मिटवायचे, चार जीबीत दुसरं काही मावत नाही. प्रोजेक्टरला दुपारचा उजेड हा मोठा शत्रू. स्मिथसोनियनची दालनं आणि इजिप्तच्या थडग्यांच्या फेऱ्या मुळातच अंधाऱ्या असतात, पडदे नसलेल्या वर्गात त्यांचा नुसता करडा धूर होतो. खिडक्यांना जाड काळं कापड लावा, नाहीतर पंधरा-पंधरा मुलांचे गट करून ४३ इंची टीव्हीवर दाखवा. टीव्ही बरा.

फेरी 'फिरत फिरत' दाखवायची नाही, ही सगळ्यात महत्त्वाची शिकवण. बाणावर क्लिक करत दालनातून दालनात गेलं की तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून "बाई, मळमळतंय" येतं. माऊस ओढून दृश्य गरकन फिरवलं की डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर मात्र बाकावर बसलेलं असतं. त्यातून ही चक्कर. म्हणून आदल्या दिवशी पाच थांबे ठरवायचे. स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे जागेवर उभं राहून चौफेर बघायच्या गुगलच्या सोयीत, उभं राहायची जागा आणि कॅमेऱ्याचा कोन दोन्ही त्या क्षणीच्या लिंकमध्ये साठतात. वस्तू नेमकी समोर आली की लिंक उचलून एका फाइलमध्ये क्रमाने चिकटवायची. वर्गाआधी पाचही टॅब उघडून प्रत्येकात एकदा झूम करून ठेवायचं, म्हणजे बारीक चित्राचे तुकडे आधीच उतरतात. मग वर्गात फक्त टॅब बदलायचे आणि झूम करायचं. फिरवायचंच असेल तर कीबोर्डच्या बाणांनी, सावकाश. एकापेक्षा जास्त मजले असलेल्या संग्रहालयात मजल्याचा आकडा बघायला विसरू नका. भलत्या मजल्यावर उतरलात तर वर्गासमोर जिना शोधत बसाल.

जुन्या याद्यांवर विसंबू नका. गुगल एक्स्पिडिशन्स शिकवणारे लेख अजून व्हॉट्सॲपवर फिरतात, पण ते ॲप जून २०२१ मध्येच बंद झालं आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्या आर्ट्स अँड कल्चर या गुगलच्याच संग्रहालयांच्या संकेतस्थळावर गेल्या. पुठ्ठ्याच्या व्हीआर चष्म्यांचंही तसंच. चष्मा स्वस्त मिळतो, पण फोनमध्ये जायरोस्कोप (फोन किती वळला ते ओळखणारा भाग) नसला तर मान वळवली तरी दृश्य जागचं हलत नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो. यूट्यूबवर कुठलाही ३६० अंशांचा व्हिडिओ लावून फोन हातात फिरवून पाहा, लगेच कळतं.

सगळ्यात जास्त दाद मिळाली ती संग्रहालयांना नाही, थेट कॅमेऱ्यांना. इथे वेळेचं गणित जमवलं तर पैसा वसूल, नाहीतर काळोख. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर कॅमेरे लावलेले आहेत. जुलैत तिथे सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर चढतात आणि अस्वलं धबधब्याच्या काठावर तोंड उघडून उभी असतात. अलास्का उन्हाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे. आपला वर्ग सकाळी नऊला भरतो तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि जुलैत उजेड रात्री दहापर्यंत टिकतो. म्हणजे आपले पहिले दोन-तीन तास अगदी हुकमी. चौकट कागदावर आखून द्यायची: दहा मिनिटांत किती उड्या, किती मासे पकडले, अस्वलाने आधी काय खाल्लं. मोजायला दिलं की कुणी बोलत नाही. दोन सूचना. थेट प्रक्षेपणाशेजारची गप्पांची खिडकी आधी बंद करा. आणि शिक्षक पडद्याजवळच हवा, कारण अस्वलं भांडतातही, कधी पिल्लांवर धावून जातात.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाचे कॅमेरे शाळेच्या वेळेत निरुपयोगी. आपल्या सकाळी तिथे रात्र असते, पडद्यावर आधीचं चित्रण चालू असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. म्हणून पाणमांजर आणि जेलीफिश हा जेवणाआधीचा घरचा अभ्यास. दुपारच्या शाळेला नामिबियाच्या वाळवंटातला पाणवठा चांगला. तो देश साडेतीन तास मागे, म्हणजे आपले साडेबारा ते त्यांचे सकाळचे नऊ. कधी शहामृग, कधी जेम्सबक हरणं, कधी अर्धा तास नुसती वाळू. वाळू दिसत असेल तर पाण्याच्या कडेचे ठसे बघायला लावा. वर्गात वायफाय नसेल तर मध्यम दर्जाच्या चित्राला फोनचा तासाला साधारण एक जीबी डेटा जातो. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर एक तास निभावतो, दोन नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची फेरी थोडक्यात. २०१७ मध्ये फ्रेंच अंतराळवीर थॉमा पेस्के यांनी आतून काढलेल्या फोटोंवर ती उभी आहे. वर-खाली कळत नाही म्हणून मुलं गोंधळतात, ते गोंधळणंच धड्याचं काम करतं. शौचालयाचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो, उत्तर तयार ठेवा.

किल्ल्यांबाबत निराशा झाली, आणि चौथीला शिवरायांचा इतिहास असल्यामुळे ती जास्त खुपते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. वाटलं गुगल अर्थवर बाराही एका तासात उडत दाखवू. राजगड वरून सुरेख दिसतो, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या पंखासारख्या पसरलेल्या लगेच ओळखू येतात. पण दृश्य तिरपं केलं की कडे वितळतात. जमिनीच्या उंचीची माहिती ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवरून घेतलेली असते, मधला भाग यंत्र गुळगुळीत करून भरतं, त्यामुळे रायगडाचं टकमक टोक घसरगुंडीसारखं दिसतं. किल्ला अजिंक्य का होता, हे नेमकं त्या कड्यातच असतं. उपाय अर्धाच: नकाशावरचा पिवळा माणूस उचलला की निळे ठिपके दिसतात, ते लोकांनी चढवलेले ३६० अंशांचे फोटो. त्यातले चांगले दोन-तीन आधी निवडून ठेवा. बाकीच्यांत सेल्फीच जास्त.

त्याच गुगल अर्थने नवी मुंबईच्या मुलांना मात्र खुर्चीला खिळवलं. त्यात जुन्या उपग्रहचित्रांची कालरेषा आहे. उलव्याच्या टेकडीवर नेमकं थांबून दरवर्षीचं चित्र पुढे सरकवायचं. आधी हिरवी टेकडी आणि तिच्या पायथ्याची नदी, मग तपकिरी ओरखडे, मग टेकडी सपाट, नदीला नवा काठ, शेवटी धावपट्टी. याच नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडायला लागली, त्यामुळे आवाज ऐकलेली पोरं वर्गात होतीच. थोडं दक्षिणेकडे सरकलं की चिर्ले येतं, तिथून पाण्यातून शिवडीकडे जाणारी अटल सेतूची रेघ कोणत्या वर्षी उगवते तेही शोधायला द्या. परदेशातल्या दहा संग्रहालयांपेक्षा हा एक तास जड ठरतो, असं आमचं मत.

प्रश्नपत्रिका अर्ध्या पानाची ठेवा: दोन गोष्टी शोधा, एक मोजा, एक चित्र काढा. जास्त लिहायला दिलं की मान खाली जाते आणि पडदा तसाच राहतो. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या भागात शुक्रवार धरू नका.

एक चूक टाळण्यासारखी: भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आर्ट्स अँड कल्चरवर आहे म्हणून ते सहलीच्या आधी दाखवलं, तर प्रत्यक्षात मुलं "हे बघितलंय" म्हणत पुढे सरकतात. ते सहलीहून परत आल्यावर दाखवा. बाहेरच्या बागेतल्या घारापुरीच्या दगडी हत्तीला हात लावून आलेला मुलगा पडद्यावर बारकावे शोधतो.

आणि ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) पडद्यावर मुळीच दाखवू नयेत. ते ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने बघायचे, थंडी पडल्यावर. बोट भरतीच्या पाण्यावरच निघते, आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते. तारीख ठरवण्याआधी त्या दिवशीची वेळ केंद्रात विचारून घ्या, बसवाल्याला मग सांगा.