द्राक्षबागेच्या राखणीसाठी कारवानी, ग्रेहाउंडचा संकर की गावठीचा संकर

मळ्यावर राहायला गेलेल्या परिचितांकडून मला अलीकडे एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. शिकारी जातीचे कुत्रे घ्यायचे, इतके ठरलेले असते. मात्र शुद्ध कारवानी (दख्खनची देशी शिकारी जात) घ्यावे, ग्रेहाउंडशी (शर्यतीत पळणारी विलायती जात) संकर झालेले पिल्लू घ्यावे, की कारवानी आणि गावठी यांच्या संकराचे घ्यावे, येथे निर्णय अडतो. निफाड आणि सिन्नर तालुक्यांच्या शिवेवर आमची द्राक्षबाग आहे आणि ही तिन्ही प्रकारची कुत्री आमच्या वस्तीवर वेगवेगळ्या काळात राहिली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हा आढावा लिहीत आहे.

तुलनेला हात घालण्यापूर्वी ‘शिकारी’ या शब्दाचा आजचा अर्थ स्पष्ट असला पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या बंदूक आणि फासे यांच्यापुरती मर्यादित नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत मोडते. त्यामुळे कुत्र्याला सशामागे सोडणे ही शिकारच ठरते, मग ससा हाती लागो वा न लागो. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट मोकळे चरतात. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे आणि त्याच्या शिकारीला किमान ३ व कमाल ७ वर्षे कैदेची तरतूद आहे. ज्या प्राण्यामागे धावण्यासाठी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या घडवली गेली, त्याच प्राण्यापासून त्यांना दूर ठेवणे ही आज मालकाची जबाबदारी आहे, आणि मला ती योग्य वाटते.

मग या कुत्र्याला काम कोणते द्यायचे? रात्री बागेत किंवा मक्यात रानडुकरे शिरली तर वस्तीला जागे करणे, कोंबड्या आणि शेळ्या राखणे, घुशी-उंदरांचा बंदोबस्त करणे आणि अनोळखी माणसाची चाहूल देणे, एवढेच काम उरते. निवड करताना प्रत्येक गुण या कामाच्या तराजूत तोलावा, कारण पिल्लू विकणारा माणूस मात्र कुत्र्याचा वेगच तेवढा सांगत असतो.

कारवानी (म्हणजेच मुधोळ), पश्मी, रामपूर, ग्रेहाउंड ही सगळी नजरेवर धावणारी कुत्री आहेत. वासाचा माग काढत हळूहळू जाणे हा त्यांचा स्वभाव नाही. दूरवर काही हलले की ती आवाज न करता सुटतात. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि पातळ कातडी ही रचना त्या एका कामासाठी आहे. अशा कुत्र्यांचा संकर करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये फार जुनी आहे. तेथे ग्रेहाउंड किंवा व्हिपेट (ग्रेहाउंडसारखीच, पण लहान चणीची जात) यांचा कॉलीसारख्या मेंढ्या राखणाऱ्या किंवा टेरियरसारख्या चिवट कुत्र्यांशी संकर करून ‘लर्चर’ तयार करतात, आणि दोन नजरेच्या जातींच्या संकराला ‘लाँगडॉग’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार बंद झाली; ससे आणि उंदीर यांच्याबाबत काही अटींवर सूट राहिली, त्यामुळे लर्चर आजही टिकून आहे. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, लर्चर पाळणारा माणूस ग्रेहाउंडचा थोडा वेग जाणूनबुजून सोडतो आणि त्याच्या बदल्यात हाकेला येण्याची समज, जाड कातडी आणि दिवसभर टिकणारा दम मिळवतो. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. कारवानीजवळ दम, काटकपणा आणि हवामानाची सवय हे सगळे मुळात असताना, तिच्यात ग्रेहाउंड मिसळून आपण ते घालवतो आणि बदल्यात वेग घेतो, ज्याचा कायदेशीर उपयोग आपल्या शिवारात जवळजवळ उरलेला नाही.

लर्चर आपल्याकडे आणण्याचा विचारही काही जण बोलून दाखवतात. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्र सरकारने २०१६ पासून निर्बंध घातले आहेत, त्यामुळे तो मार्ग बहुतेकांना बंदच आहे. शिवाय कॉलीच्या रक्ताबरोबर काही कुत्र्यांत असा जनुकीय दोष येतो की, आयव्हरमेक्टिन या गोचीड-जंतांवरच्या औषधाची मोठी मात्रा त्यांच्या मेंदूवर विपरीत परिणाम करते. गोचीड झाले की जनावरांसाठी आणलेले इंजेक्शन कुत्र्यालाही टोचणे ही आपल्याकडची सर्रास चालणारी गोष्ट असल्याने हा धोका लहान समजू नये.

आता कारवानीविषयी. दख्खनच्या पठारावर, विशेषतः लातूर-धाराशिवकडे (पूर्वीचे उस्मानाबाद) आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात, ही जात खेडोपाडी सांभाळली गेली. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने तिला आश्रय दिला, म्हणून कर्नाटकात तिला मुधोळ म्हणतात; नोंदणीतही एक संस्था कारवान आणि दुसरी मुधोळ असे नाव वापरते, त्यामुळे कागदावरची दोन नावे पाहून दोन जाती समजण्याची चूक होऊ शकते. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली त्यांत ही जात होती, आणि २०१६ साली मुधोळजवळच्या तिम्मापूर येथील संशोधन केंद्रातून काही पिल्ले मेरठ येथे लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. चाळिशीच्या आसपासचा उन्हाळा ती सावलीच्या आधाराने काढते. भाकरी, ताक आणि अधूनमधून अंडी एवढ्यावर तिची प्रकृती नीट राहते.

तिचे दोष मात्र कोणी सांगत नाही, म्हणून ते येथे सविस्तर नोंदवतो. आमची पहिली कारवानी मादी संध्याकाळी बांधावर उभी राहून तासभर समोरचा माळ न्याहाळत असे. डुक्कर आले की तिचे कान मागे जात, एक पाय उचलला जाई आणि सबंध अंग ताठ होई. मात्र तोंडातून आवाज निघत नसे. ज्याचे लक्ष तिच्याकडे होते त्याला सगळे कळत असे आणि जो झोपलेला होता त्याला काहीच कळत नसे. राखणीच्या कामात ही मोठी उणीव आहे. त्याहून मोठी अडचण अशी की, ती मुकाट्याने सुटते आणि एकटीच डुकराला भिडते. डुकराच्या सुळ्यापुढे अशा पातळ पोटाच्या कुत्र्याचा निभाव लागत नाही. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, आणि लहानपणी मारझोड झाली तर ती आयुष्यभर बुजरी राहते. ज्यांची जमीन उघडी आहे, ज्यांना रोज पहाटे सायकलबरोबर चार-पाच किलोमीटर तिला फिरवणे शक्य आहे आणि ज्यांना या देशी जातीचे रक्त शुद्ध राखण्याची मनापासून आस्था आहे, त्यांनी शुद्ध कारवानीच घ्यावी. फक्त राखण हवी असेल तर पुढचा विचार करावा.

ग्रेहाउंडच्या संकराचे आकर्षण मी समजू शकतो, कारण मी स्वतः त्याला भुललो होतो. पंजाबात गावोगावी ग्रेहाउंडच्या शर्यती होतात. आपल्याकडे मिळणारा संकर दिसायला देखणा असतो, खांद्याने कारवानीपेक्षा उंच भरतो आणि मोकळ्या पट्ट्यात त्याची धाव पाहताना डोळे फिरतात. शुद्ध ग्रेहाउंड ताशी ६५ ते ७० किलोमीटरचा वेग गाठतो, पण तो काही शे मीटरपुरताच. त्यानंतर त्याचे अंग तापते आणि उन्हात ही गोष्ट जिवावर बेतते. निफाडात थंडीत पारा कधी ५ अंशांच्या खाली जातो, तेव्हा हीच चरबी नसलेली देहयष्टी रात्रभर थरथरते. संकरात हे गुणदोष अर्धेमुर्धे उतरतात आणि कोणत्या पिल्लात काय उतरले आहे हे ते मोठे होईपर्यंत समजत नाही.

आमचा पवन असाच संकर होता. डिसेंबरातल्या एका सकाळी बागेच्या दोन ओळींमधून ससा उठला आणि पवन सुटला. ज्यांनी द्राक्षाचा मंडप जवळून पाहिला आहे त्यांना माहीत आहे की, ओळीच्या टोकाला अँगल तिरपे रोवून तारेचे ताण जमिनीत बांधलेले असतात. ससा ताणाखालून गेला. पवनची छाती तारेला लागली आणि काखेपासून मांडीपर्यंतची कातडी कापड फाटावे तशी उघडली. डॉक्टरांनी टाके घातले, पण भूल उतरायला मध्यरात्र उलटली. ग्रेहाउंडच्या रक्ताच्या कुत्र्यात काही प्रकारची भूल शरीरातून हळू बाहेर पडते, हे मला त्या रात्री समजले. ते आधी माहीत असते तर मी डॉक्टरांना कुत्र्याचे रक्त कोणते हे सर्वांत आधी सांगितले असते. कुत्र्याला मंडपात मोकळे सोडले ही चूक माझी होती.

पुढे त्याला गोचिडाचा ताप आल्याची शंका आली आणि रक्त तपासले, तेव्हा आणखी एक गुंता समोर आला. ग्रेहाउंडमध्ये निरोगी असतानाही तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट कमी असतात. गोचिडाच्या तापातही प्लेटलेट घटतात, त्यामुळे संकराचा अहवाल वाचताना आजार कोठे आणि जातीची घडण कोठे हे ठरवणे अवघड जाते. म्हणून ज्याने असे कुत्रे आधीच घेतले आहे, त्याने ते निरोगी असतानाच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा. आजाराच्या वेळी तुलना करायला तोच उपयोगी पडतो. ज्याच्याकडे कुंपणाचा, तारा नसलेला मोठा तुकडा आहे आणि दोरीने ओढलेल्या चिंधीमागे कुत्रा पळवण्याचा छंद आहे, त्याच्यासाठी हा संकर चांगला आहे. बागायतदाराने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पश्मीचा संकर क्वचित मिळतो. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केसांची झालर असलेले हे कुत्रे स्वभावाने कारवानीच्या जवळचे असते. पावसाळ्यानंतर त्या केसांत आणि पंजांच्या बोटांमध्ये कुसळे रुततात आणि गोचीड लपतात. रोज संध्याकाळी अर्धा तास केस विंचरणारे माणूस घरात असेल तरच त्याचा विचार करावा.

गावठी मादी आणि कारवानी नर यांच्या पिल्लांकडे विकणाऱ्यांचे लक्ष नसते आणि घेणाऱ्यांनाही त्यांत मान वाटत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. सध्याची आमची मादी अशा पहिल्या पिढीतली आहे; अंगाने ती कारवानीपेक्षा बुटकी आणि भरीव आहे, कातडी जाड आहे, आणि मुख्य म्हणजे ती भुंकते. माणूस आला तर तुटक भुंकते आणि डुकरे आली तर एका जागी उभी राहून न थांबता भुंकत राहते. हा फरक ओळखायला आम्हाला महिनाभरही लागला नाही. डुकरांपासून ती दहा-पंधरा पावले अंतर राखते. मंडपात ती वळणे घेत पळते आणि तारेशी आली की आपसूक सावरते. तिचा वेग कारवानीपेक्षा उघडच कमी आहे, पण बागेच्या कामात मला त्याची उणीव कधी भासली नाही. एक इशारा येथे दिला पाहिजे. पहिल्या पिढीतील पिल्ले बहुतांशी सारखी निघतात. त्या पिल्लांचा आपसांत पुन्हा संयोग केला की पुढच्या वेतात कोणी हडकुळे आणि भित्रे, कोणी चावरे, असे सगळे प्रकार बाहेर पडतात. म्हणून पहिल्या पिढीचेच पिल्लू घ्यावे आणि पुढे पैदास न करता नसबंदी करावी.

कोणतेही कुत्रे घेतले तरी नाशिक जिल्ह्यात बिबट्याचा विचार टाळता येत नाही. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारातील वजनाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला साखळीने बांधलेले कुत्रे राखण करत नाही, ते बिबट्याला बोलावते. रात्री कुत्र्याला लोखंडी जाळीच्या, वरूनही झाकलेल्या खोपटात ठेवावे. तेथून ते भुंकू शकते, तेवढे पुरेसे असते. मेंढपाळ वापरतात तसा खिळ्यांचा रुंद पट्टा दिवसा माळावर उपयोगी पडतो, पण खोपटाला तो पर्याय नाही. मुकाट राहणारी जात आणि भुंकणारी जात यांतला फरक येथेही जाणवतो, कारण बिबट्या आल्याची पहिली खबर भुंकणाऱ्याकडूनच मिळते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकू नये आणि मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची पैदास करू नये, असे २०१७ च्या पैदास-विक्री नियमांत आहे. महिन्याचे पिल्लू हातावर ठेवणाऱ्याकडून काही घेऊ नये. रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लसीचे कार्ड मागावे. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो, म्हणून खाऊ घातल्यावर तासभर त्याला पळू देऊ नये. आणि पिल्लू पाहायला दिवेलागणीच्या सुमारास जावे, कारण पिल्लाची आई त्या वेळी कामावर असते. आमच्या सध्याच्या मादीची आई मी अशीच पाहिली. ती गोठ्याच्या दारात उभी राहून माझ्यावर भुंकत होती, आणि मालकाने एकदा हाक मारताच गप्प होऊन मागे फिरली.