विसापूरमागचा चंद्रोदय आणि फोटोपिल्स

पौष पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी लोहगडवाडीतून विसापूर किल्ल्याच्या कड्यावर उगवणारा चंद्र टिपण्यासाठी मी फोटोपिल्स हे सशुल्क ॲप वापरले आणि ते पैसे सार्थकी लागले. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र पूर्वेपेक्षा उत्तरेकडे सरकून उगवतो, शिवाय पंचांगातली चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. डोंगराआडून तो किती उशिरा आणि नेमका कुठून डोकावेल, हे या ॲपमधील नकाशा आणि कॅमेऱ्याच्या दृश्यावर उमटणारा चंद्राचा मार्ग पाहून आधीच ठरवता आले. आदला दिवस निवडला, कारण तेव्हा चंद्र सूर्यास्तापूर्वी उगवतो आणि कातळावर अजून उजेड असतो.

चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे जागा चुकली तर धावपळ करूनही उपयोग होत नाही. भाड्याने आणलेल्या ट्रायपॉडचा खटका ऐन वेळी सैल निघाला आणि पहिली चार छायाचित्रे हलली, याची हळहळ आहे. पाचव्यात मात्र कड्यावरचे वाळके गवत चंद्रबिंबावर एकेका काडीनिशी उमटले. मराठी भाषेची सोय असती, तर हे ॲप मी आमच्या काकांनाही आवर्जून घ्यायला लावले असते.