सीएसआर निधीसाठी कंपनी शोधताना: पोर्टल, वार्षिक अहवाल की एमसीए?

शाळेच्या किंवा पाणलोटाच्या कामासाठी सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायचा पैसा, मागायला कंपनीकडे जायचं, तर प्रस्ताव लिहिण्याआधी तिची माहिती काढायला हवी. अनेक छोट्या संस्था हे टाळतात आणि एकच पत्र पन्नास कंपन्यांना पाठवतात. त्यात वेळही जातो आणि उमेदही.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय सीएसआर पोर्टल फुकट आहे. २०१४-१५ पासूनचा खर्च कंपनी, राज्य आणि क्षेत्र यांनुसार तिथे पाहता येतो. कंपन्यांची पहिली यादी करायला यासारखं दुसरं साधन नाही. पण आकडे उशिरा चढतात. शिवाय राज्यांच्या आकड्यांत महाराष्ट्र वर दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातलं तुमच्या जिल्ह्यात किती आलं, हे वेगळं तपासावं लागतं.

माझा कौल वार्षिक अहवालाला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेलं सीएसआरचं परिशिष्ट काढा. २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या अहवालांत प्रकल्पवार तक्ता असतो: जिल्हा कोणता, रक्कम किती, काम कंपनीने स्वतः केलं की संस्थेमार्फत, आणि त्या संस्थेचं नाव. सप्टेंबर २०२२ मध्ये या परिशिष्टाचा सरकारी नमुना आटोपशीर झाला, त्यामुळे नंतरच्या अहवालांत हा तपशील असेलच असं नाही. म्हणून ही दोन जुनी वर्षं आवर्जून चाळा. आपल्यासारख्याच कुठल्या संस्थेला कंपनीने किती दिले हे कळलं, की मागायची रक्कम ठरवणं सोपं जातं.

ताज्या अहवालात आणखी एक जागा बघा. कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्च झाली नसेल तर कारण लिहावं लागतं. योग्य प्रकल्प मिळाला नाही असं कारण दिसलं, तर त्या कंपनीचं नाव यादीत सर्वांत वर घ्या.

कंपनी बाजारात नोंदलेली नसेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाचं एमसीए पोर्टल. एमआयडीसीतले कितीतरी कारखाने प्रायव्हेट लिमिटेड असतात. त्यांच्यासाठी हाच रस्ता. नोंदणीचा पत्ता आणि संचालकांची नावं फुकट दिसतात. ताळेबंद आणि संचालकांचा अहवाल पाहायला कंपनीमागे शंभर रुपये शुल्क आहे. संकेतस्थळ कधी कधी रेंगाळतं, पण कागद मूळचा मिळतो. आधीच्या वर्षी निव्वळ नफा पाच कोटींच्या वर असेल, तर सीएसआर त्या कंपनीला लागू आहे, मग कारखाना दिसायला कितीही लहान असो.

झौबा, टॉफ्लरसारखी खासगी संकेतस्थळं प्रामुख्याने हीच सरकारी माहिती नीट मांडून देतात. झटपट नजर टाकायला ठीक. पैसे भरून सदस्यत्व मात्र शेकडो कंपन्या तपासायच्या असतील तरच घ्या.

आणि आपल्या संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेने मंत्रालयाकडे करायची नोंदणी) आधी काढून ठेवा. एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचं काम करून घेऊ शकत नाही.