ट्रोव्ह : सोलापुरात बसून फरीना शोधायचं तर

ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ऑनलाइन सेवा. जुनी वर्तमानपत्रं वाचायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही. स्थानिक इतिहासाचा नाद असलेल्यांसाठी घबाडच. पण गावाचं नाव टाकलं आणि काम झालं, असं इथं होत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं फरीना घ्या. पावसाची वाट बघणं सोलापूरकरांना नवं नाही, त्यामुळं या गावाचं काय झालं ते लगेच कळतं. १८६५ च्या दुष्काळात सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गॉयडर यांनी नकाशावर रेघ आखली : हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही. पुढं १८७० च्या दशकात पाऊस बरा झाला आणि लोक गहू पेरायला रेघेपलीकडं सरकले. फरीनाची आखणी १८७८ ची, रेल्वे आली १८८२ मध्ये, आणि पावसानं पाठ फिरवली. १८८४ मध्ये रूळ पुढं हर्गॉट स्प्रिंग्जला गेले. आज फरीनात पडक्या दगडी भिंती आहेत.

आता शोध. नुसतं 'फरीना' टाकाल तर पिठाच्या आणि त्याच नावाच्या कोलन अत्तराच्या जाहिराती अंगावर येतील. 'न्यूजपेपर्स अँड गॅझेट्स' विभाग निवडा, राज्य साउथ ऑस्ट्रेलिया, सालं १८७६ ते १८९०, प्रकार 'आर्टिकल', आणि क्रम जुन्याकडून नव्याकडं. गावाचं आधीचं नाव 'गव्हर्नमेंट गम्स' वेगळं शोधा, तेही अवतरणचिन्हांत. नाहीतर सगळा सरकारी कारभार पुढ्यात येतो. हर्गॉटमध्ये 'आर' एक की दोन, याचा पत्ता त्या काळच्या छापखान्यांनाही नव्हता, म्हणून दोन्ही टाका. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं पुसली गेली. त्यानंतरच्या अंकांत हर्गॉटऐवजी 'मरी' शोधायचं.

खरी गोची यंत्राच्या वाचनात. पान उघडलं की एकीकडं मूळ छापील बातमी, शेजारी यंत्रानं वाचलेला मजकूर. शोध चालतो तो या मजकुरावर. शाई पुसट असेल तर 'आय' आणि 'एन' चिकटून 'एम' होतो, आणि फरीना हातातून निसटतं. अशा वेळी गावाचं नाव सोडा. बेल्टाना (शेजारचं गाव), रेल्वे, विहीर असे बातमीत येणारे इतर शब्द इंग्रजीत टाकून बघा. चुका वाचकाला ओळीओळीनं दुरुस्त करता येतात. कराच, पुढच्याचा वेळ वाचतो.

प्रिंट हवी तर बातमीपुरती पीडीएफ उतरवा. अख्खं पान ए-फोरवर काढलं तर भिंगानंही वाचता येत नाही. झेरॉक्सवाल्याला ए-थ्री सांगा.

उणिवा आहेतच. कॉपीराइटमुळं बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ ला थांबतात. शिवाय ही पत्रं गोऱ्या वसाहतवाल्यांची. मूळ रहिवासी तिथं फार तर तक्रारीचा विषय म्हणून येतात. त्या कोरड्या मुलखात माल वाहणारे उंटवाले बलुची, पंजाबी, सिंधी कुणीही असोत, छापलं जायचं 'अफगाण'. मोहम्मद या एका नावाची स्पेलिंगं तर चार-पाच तरी करून बघावी लागतात. बातमी ही एका बाजूची साक्ष, एवढं धरूनच टिपणं काढा.

हात बसवायला आधी आपलंच गाव घ्या. जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं 'शोलापूर' टाका, महिना मे, साल १९३० : मार्शल लॉच्या तारा तिकडच्या पत्रांत कशा छापल्या गेल्या ते दिसेल, आणि चाळण्या कशा लावायच्या तेही कळेल.