तिसरा आकडा पाच होता आणि मी पैसे दिले

रबाळे एमआयडीसीत माझं पत्र्याचं छोटं वर्कशॉप आहे, सात माणसं. 45,050 रुपयांना कसा बुडालो ते लिहितोय. लाज वाटते, पण तो माणूस आता पावणे-महापेत गिऱ्हाईक शोधत असणार.

पार्टीने सांगितलं होतं, कापापासून वाचवणारे हँडग्लोज डी लेव्हलचेच पाहिजेत. नेहमीचा दुकानदार 260 च्या खाली यायला तयार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने 185 सांगितले, भिवंडीत गोडाऊन आहे म्हणाला आणि दोन जोड सॅम्पल फुकट पाठवले. मी काही डोळे मिटून घेतले नाहीत. सॅम्पलवर कटर ओढला, धागा तुटला नाही. कात्री लावली तर कात्रीच अडकत बसली. आणखी काय करायचं माणसाने? 240 जोड, 44,400. निम्मे 22,200 आधी, निम्मे माल उतरल्यावर.

टेम्पो आला रात्री साडेसातला. ड्रायव्हरची घाई, "शेठ, लवकर करा, कळव्याला अडकतो मी." वरचा गठ्ठा सोडून एक जोड ट्यूबलाइटखाली धरला. ढालीत हातोडी, ईएन 388 (हँडग्लोजच्या मजबुतीचं युरोपियन मानक), खाली 4एक्स53डी. सॅम्पलवर होतं 4एक्स43डी. फरक मला दिसला. दिसला हो! आणि वाटलं काय, तर चारचा पाच झाला म्हणजे माल आणखी दणकट आला. तो तिसरा आकडा फाटण्याचा, चारच्या पुढे जातच नाही. पाचपर्यंत जातो फक्त दुसरा, कापाचा. तिथे एक्स असेल तर ती चाचणी केलेली नाही, मग शेवटचं अक्षर बघायचं, ए ते एफ, तीच ती लेव्हल. हे सगळं पार्टीच्या सेफ्टीवाल्याने मला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तरी मोबाइल काढला, पिन टाकला, वर टेम्पोचे 650 दिले.

चौथ्या दिवशी आमच्या हेल्परचा तळवा पत्र्याच्या कडेने उघडला. चार टाके, 3,800 रुपये, वेगळेच. मग त्या ग्लोजला कात्री लावली. कागदासारखं बोट खाली पडलं. आदल्या दिवशी धुतल्यावर कोटिंगची सालं निघाली होती, तेव्हा मी याच पोरावर ओरडलो होतो, ब्लीचमध्ये टाकलेस म्हणून. (ब्लीच टाकूच नका. कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं.) त्याने साबणच वापरला होता.

पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, मग दिवाणी मामला. दुसऱ्या खेपेला साहेब राउंडला. तिसऱ्या खेपेला बिल दाखवलं, भिवंडीचा पत्ता आणि जीएसटी नंबर 24 ने सुरू, म्हणजे गुजरातचा; महाराष्ट्राचा 27. तर म्हणे ते जीएसटीवाल्यांना दाखवा. जीएसटीवाले म्हणाले, फसवणूक असेल तर पोलिसांकडे जा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीला गेलो तर धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तुम्ही ग्राहक धरले जात नाही. मग मी आहे तरी कोण? झेरॉक्सलाच 140 रुपये गेले.

सॅम्पल कापू नका, आलेल्या लॉटमधला मधल्या गठ्ठ्यातला जोड कापा. माल दिवसाउजेडी उतरवून घ्या. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का बघा, दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, माझ्यासारखे पाच दिवस घालवू नका. आणि चांगले ग्लोज मिळाले तरी ड्रिल मशीनवर घालू नका, बिट ग्लोजसकट हात ओढतं.

बायको एवढंच म्हणाली, "कोथिंबिरीची जुडी घेताना चार गाड्या फिरता."

काल नव्या नंबरवरून मेसेज आला. तोच फोटो, तेच निळं टेबल, तोच 4एक्स43डीचा जोड. "शेठ, हँडग्लोज लागतात का? 165 ला देतो."