३२-बिट, ६४-बिट आणि आर्म एकाच डिस्कवर : अकरा महिन्यांनंतरचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क घेतली आणि तिच्यावर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम टाकली. ५१२ हा डब्यावरचा आकडा. लिनक्स १०२४ च्या पाढ्याने मोजतो, त्यामुळे हातात ४७६ च येतात. खालचे आकडे याच मापाचे.

मशीन ६४-बिट, पण कामं तीन तऱ्हांची. बाबांचा छापखाना आहे. त्यांच्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये अडकलेल्या, आणि त्या उघडणारं डीटीपी सॉफ्टवेअर ३२-बिट विंडोजचं. ते वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं, म्हणून एएमडी६४ या ६४-बिट आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) जोडीला ३२-बिटचं आय३८६ आलं. (डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली, लागणारं आणखी एक होतं. ते काही केल्या उघडेना, नाद सोडला.) शिवाय माझ्या रास्पबेरी पाय या आर्म प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी पॅकेजं इथेच बांधतो, म्हणून एआरएम६४.

पहिली वाटणी अशी : ईएफआय अर्धा जीबी आणि बूट १ (दोन्ही मशीन सुरू करणाऱ्या फाइलींसाठी), स्वॅप १६ (रॅमला जोड), रूट ३० (मूळ सिस्टिम), व्हार वेगळं ८ (कॅश, लॉग असा बदलता डेटा) आणि होम ३८० (स्वतःच्या फाइली). बूट आणि ईएफआय सोडून सगळं एलव्हीएमवर (वाटण्या नंतर लहानमोठ्या करू देणारी सोय), चाळीसेक जीबी कोरे. तेव्हा हे कोरे ठेवताना जीवावर आलं होतं.

दोन आर्किटेक्चर म्हणजे रूट दुप्पट, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. २०१३ च्या डेबियन ७ पासून मल्टीआर्च आहे : प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या आपापल्या फोल्डरमध्ये राहतात, आयकॉन, भाषांतरं, मदतपानं मात्र सामाईक, एकदाच. माझ्याकडे यूएसआर (रूटमधला प्रोग्रॅमांचा फोल्डर) ११ जीबी भरलं, त्यात आय३८६ चा वाटा जेमतेम सव्वा. तोही मुख्यतः ग्राफिक्सचा. मेसा (ग्राफिक्सच्या लायब्रऱ्या) आणि तिला लागणारं एलएलव्हीएम दोन्ही आर्किटेक्चरसाठी वेगवेगळे लागतात आणि एकटी एलएलव्हीएमची लायब्ररीच १०० एमबीच्या वर जाते. पत्रिकेवरच्या गणपतीला एवढं कशाला लागतं, असं बाबांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा अंदाज चुकला तो व्हारमध्ये. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, मी दिवाळीच्या सुट्टीत अपग्रेडला बसलो. दोन्ही आर्किटेक्चरमध्ये असलेल्या लायब्ररीची आवृत्ती तंतोतंत सारखीच लागते, त्यामुळे दोन्ही संच एकदमच उतरवावे लागतात. एपीटी (डेबियनचा पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) सगळ्या फाइली आधी व्हारमधल्या कॅशमध्ये साठवतो आणि मग बसवायला घेतो. त्याच व्हारमध्ये फ्लॅटपॅकचे रनटाइम (वेगळ्या पद्धतीने बसवलेल्या ॲप्सना लागणाऱ्या लायब्रऱ्या) पाच जीबी अडवून बसलेले. जागा पुरत नाही म्हणत एपीटी सुरुवातीलाच थांबला. थांबला हे बरंच झालं. अर्ध्यात अडकला असता तर तुळशीच्या लग्नानंतरची पहिली ऑर्डर बोंबलली असती. कॅश रिकामी केली, न लागणारे रनटाइम काढले आणि कोऱ्या जागेतून व्हारला १० जीबी जोडले. सिस्टिम चालू असताना, रीबूट न करता, दोन मिनिटांत. जीवावर आलेले ते चाळीस जीबी इथे कामी आले.

बूटला १ जीबी दिला होता तो पुरला. डेबियन १३ च्या रिलीज नोट्समध्ये किमान ७६८ एमबी सांगितले आहेत आणि हे पार्टिशन एलव्हीएमच्या बाहेर असल्याने मागाहून वाढवणं कटकटीचं. इथे कंजुषी नको.

आर्मची गोष्ट निराळी, तिथे मल्टीआर्च पुरत नाही. क्यूईएमयूच्या (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जोरावर चालणारी अख्खी वेगळी सिस्टिम एका फोल्डरमध्ये उभारतो. नुसती उभारली तर तीन-चारशे एमबी, कंपायलर आणि हेडर आले की दोन-तीन जीबी, आणि मी दोन आवृत्त्यांच्या ठेवतो. होममध्ये जागा भरपूर म्हणून तिथे टाकायला गेलो, तर अशी सिस्टिम उभारणाऱ्या डेबूटस्ट्रॅपने नकार दिला. सुरक्षेच्या उत्साहात होमला नोडेव्ह (डिव्हाइस फाइली चालू न देणारा पर्याय) लावलं होतं, आणि ते लावलेल्या जागी तो काम करत नाही. शेवटी एसआरव्ही या फोल्डरसाठी २५ जीबींचा स्वतंत्र व्हॉल्यूम केला.

एका रविवारी लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवरून) होम ३८० वरून २०० वर आणलं. ईएक्सटी४ (होमची फाइलसिस्टिम) वाढवायला चालू स्थितीत वाढतं, आक्रसायला मात्र अनमाउंट (सिस्टिमपासून सुटं) करावंच लागतं, आणि आधी बॅकअप. माझी अख्खी सकाळ गेली. मग व्हार रूटमध्ये विलीन केलं आणि रूट ६० केलं. डेस्कटॉपला व्हार वेगळं ठेवण्यात मला आता काही अर्थ दिसत नाही. लॉगने डिस्क भरण्याची भीती असेल तर जर्नलला (सिस्टिमच्या लॉगला) मर्यादा घालता येते. होमवर ईएक्सटी४ रूट यूझरसाठी (सिस्टिमच्या प्रशासकासाठी) ५ टक्के राखून ठेवतं, म्हणजे २०० तले १० जीबी. ते १ टक्क्यावर आणले.

आज रूटचे २७ जीबी भरलेत, १७० च्या वर जागा कोणालाच दिलेली नाही. वाइन ९ पासून ३२-बिट लायब्रऱ्यांशिवाय ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवायची सोय येऊ लागली आहे. तसं जमलं तर आय३८६ काढून टाकेन. पण लग्नसराई सुरू झाली आहे, बाबा रोज त्याच मशीनवर बसतात, तेव्हा जूनपर्यंत हात लावणार नाही.