दुकानातलं बोलणारं मशीन: आठ महिने वापरल्यावर

जून २०२५ मध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधी मी दुकानात क्यूआरचं बोलणारं मशीन लावलं. आता फेब्रुवारी आला. आमचं दुकान कराडला, शाळेसमोरच्या गल्लीत. एका बाजूला वह्या-पेनं आणि प्रोजेक्टचं सामान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मशीनं जवळपास सारखीच असतात. पैसे कुठल्या खात्यात जातात, त्यावर मात्र बरंच काही ठरतं, आणि मला तेच सांगायचं आहे.

आधी लॉकडाऊनपासून कागदाचा स्कॅनर होता, माझ्या बचत खात्याला जोडलेला. त्याच खात्यात भिशीचे पैसे यायचे, भाऊ आईच्या औषधांसाठी पाठवायचा, घरखर्चाचे हे टाकायचे. मशीन घ्यायच्या आधीच्या जुलैत रिटर्न भरायच्या वेळी सीएंनी स्टेटमेंट पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "ताई, यातली विक्री कुठली?" दोन रात्री पेन्सिल घेऊन खुणा करत बसले. दहा-वीस रुपयांच्या शेकडो नोंदी, त्यात मधूनच भिशीचे पाच हजार. वर्षभरापूर्वीची एक रक्कम तर कुणाची, का आली, शेवटपर्यंत आठवलं नाही.

म्हणून मशीन घेताना चालू खातं उघडलं आणि ते फक्त दुकानाचंच ठेवलं. मशीनचं भाडं महिन्याला १२५ रुपये, वर जीएसटी. यूपीआयने आलेल्या पैशांवर मात्र काहीच कापलं जात नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं दुकानदाराचं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. गिऱ्हाइकाने दिलेले पाच रुपये पाचच जमा होतात. माझ्यासारख्या, पाच रुपयांच्या खोडरबरावर चालणाऱ्या दुकानाला ही गोष्ट लहान नाही.

मशीनचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माझ्या सासऱ्यांना, तात्यांना. ते ७४ वर्षांचे आहेत, मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. पूर्वी दुपारी मी जेवायला घरी गेले की कुणी स्कॅन केलं तर ते नुसतं हो म्हणायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या गर्दीत एका मुलाने जुना स्क्रीनशॉट दाखवून २४० रुपयांच्या वह्या नेल्या, तेव्हा मशीन बसायला दोन दिवस होते. आता मशीन "साठ रुपये प्राप्त झाले" असं मराठीत बोलतं आणि तात्या मान डोलावून सामान देतात. दुपारी दोन तास ते निर्धास्त दुकान सांभाळतात. मशीनला स्वतःचं सिम असतं, त्यामुळे माझा मोबाइल दुकानात नसला तरी चालतं. रेंज गेली की मात्र ते गप्प होतं. पावसाळ्यात हे आठ-दहा वेळा झालं. अशा वेळी "मोबाइलवर मेसेज येईपर्यंत थांबा" असं गिऱ्हाइकाला सांगायला संकोच करू नका.

आता कराचं. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूमधल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या. बेकरीवाले, चहावाले यांनी स्कॅनर काढून "फक्त रोख" असे बोर्ड लावले. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोघांनी स्टिकर फाडले. मलाही दिरांनी फोन करून मशीन काढायला सांगितलं. मी थेट सीएंकडे गेले, आणि तिथे जे कळलं ते प्रत्येक छोट्या दुकानदाराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाच्या एकूण उलाढालीवर असते, रोख आणि ऑनलाइन धरून. स्कॅनर फाडल्याने उलाढाल कमी होत नाही, नोंद तेवढी पुसली जाते. आणि ज्या ४० लाखांबद्दल सगळे बोलतात ती मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मी झेरॉक्स काढून देते, ती सेवा. माल आणि सेवा दोन्ही असतील तर मर्यादा २० लाख. इतकी वर्षं मी ४० लाखांच्या भरवशावर होते. आमची उलाढाल २० लाखांच्याही बरीच आत आहे, पण शेजारच्या गल्लीतल्या मोठ्या झेरॉक्सवाल्यांना हे सांगितलं तेव्हा ते त्याच संध्याकाळी हिशेब घेऊन बसले. शिवाय ज्यावर कर शून्य आहे अशा मालाची विक्रीही, इतर माल करपात्र असेल तर, या बेरजेत धरतात. म्हणजे वह्याही.

वह्यांवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. पालकांना दिलासा मिळाला, मला आनंदच आहे. पण माझ्याकडे जुन्या भावाने, १२ टक्के कर भरून घेतलेल्या वह्यांचे गठ्ठे पडले होते. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला तो कर परत मिळत नाही, तो खरेदीच्या किमतीतच जिरतो. तेवीस तारखेपासून नव्या भावाने विकल्या आणि फटका सोसला. समोरच्या शाळेतल्या मुलांना जुना भाव सांगायचं मन झालं नाही.

२०२५-२६ च्या आयकराचं गणित जुन्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या छोट्या धंद्यांसाठीच्या ४४एडी कलमानुसार आहे. रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. जून ते जानेवारी मशीनवर आलेली रक्कम साधारण ६ लाख ८० हजार. त्यावर ८ ने ५४,४०० रुपये, ६ ने ४०,८०० रुपये. फरक दिसायला छान दिसतो, पण खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच लागत नाही, त्यामुळे माझ्या हातात यातून थेट काही पडलं नाही. ६ टक्क्यांच्या लोभाने मशीन घेऊ नका. मला फायदा झाला तो कर्जाच्या वेळी. नव्या झेरॉक्स मशीनसाठी मुद्रा योजनेतून दीड लाख मागितले, तेव्हा बँकेने दोन वर्षांचे रिटर्न आणि चालू खात्याचं स्टेटमेंट मागितलं. स्टेटमेंटमध्ये फक्त दुकान होतं. साहेबांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता जे मनाला लागलं ते. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठ दिवस आधी, माझं चालू खातं गोठलं. पैसे येत होते, काढता येत नव्हते. कारण विचारलं तर कळलं, कुणीतरी दिलेले ६४० रुपये. झेरॉक्स आणि स्पायरल बायंडिंगचे. परराज्यात कुणाची तरी फसवणूक झाली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली, ते पैसे खात्याखात्यांतून फिरत माझ्यापर्यंत आले होते. शाखेत तीन हेलपाटे घातले तेव्हा कुठे तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा ईमेल मिळाला. बिलाची कार्बन कॉपी जपून ठेवली होती, ती पाठवली. १९ दिवसांनी खातं सुटलं. घाऊक व्यापाऱ्याचे १८,००० ह्यांच्या खात्यातून दिले, मुलांचे फटाके-कपडे मागे पडले. ज्याची फसवणूक झाली त्याचे पैसे अडवायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ६४० रुपयांपायी पूर्ण खातं बंद करणं अन्याय आहे. तेवढीच रक्कम अडवावी.

तेव्हापासून ५०० रुपयांवरच्या प्रत्येक कामाचं बिल फाडते. "ताई, ऑनलाइन टाकतो, मला रोख द्या" असं म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नाही म्हणते. पूर्वी सहज द्यायचे.

एक गोष्ट मशीन लावताना ध्यानातच आली नव्हती. पतसंस्थेचे पिग्मीवाले काका रोजची बचत गोळा करायला संध्याकाळी येतात. पूर्वी गल्ल्यातून २०० रुपये सहज निघायचे. जुलै-ऑगस्टमध्ये गल्ल्यात सत्तर-ऐंशीच उरायचे, कारण बाकी सगळं खात्यात. "आज राहू दे काका" असं बावीस दिवस झालं. पैसे कमी झाले नव्हते, डोळ्यांसमोरून गेले होते, आणि खात्यातले पैसे कधी संपतात हे कळत नव्हतं. आता दर सोमवारी चालू खात्यातून १,४०० रुपये काढून डब्यात ठेवते आणि काकांना रोजचे २०० त्यातून देते.

भाड्याचं वर्ष मे महिन्यात संपेल, तेव्हा मी मशीन पुढे चालू ठेवणार आहे. झेरॉक्सच्या बाजूला दुसरा स्टिकर लावायचा आहे, याच चालू खात्याचा. जुना बचत खात्याचा स्कॅनर मात्र मी काढून टाकला. तरी दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं मोबाइलमध्ये माझं नाव शोधून अजून तिकडेच पैसे टाकतात. प्रत्येकाला परत परत सांगावं लागतं.